तळटीप : म्लेच्छितविकल्प
१. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ येतो : ठरावीक माणसांनाच उमगेल असे लिहिणे-बोलणे. यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत त्याचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतला मूलदेवीय मला सर्वांत देखणा वाटतो. त्यात अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात : च–ट, त–प, न–म, य–श, र–ष, ल–स इत्यादी. जोडीतल्या एका अक्षराऐवजी दुसरे लिहायचे. ‘नट’ लिहायचे तर ‘मच’. वाचणाराही याच जोड्या उलट फिरवतो, त्याला वेगळी किल्ली लागत नाही.

मात्र ‘नमन’चे ‘मनम’ होते, तेव्हा पहिले आणि शेवटचे अक्षर एकच आहे ही खूण झाकली जात नाही. कोणत्याही भाषेत काही अक्षरे सारखी येतात, काही क्वचित. ते प्रमाणही तसेच राहते. बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकात हे हेरले आणि अक्षरे मोजून गुप्त मजकूर फोडण्याची रीत लिहून ठेवली. या विद्येतला हा एक मोठा शोध होय.

अक्षरे तशीच ठेवून शब्दांचे अर्थ बदलणे ही निराळी युक्ती. पानिपतच्या संहाराची बातमी देणारे जे सावकारी पत्र ग्रँट डफने नोंदवले आहे, त्यात गळालेले दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. तिथे अक्षरे मोजून काही हाती लागत नाही. पुढची पत्रे वाचताना वाचकांनी आधी एवढे पाहावे : बदलली आहेत ती अक्षरे, की शब्द?