नागरी सेवा पात्रता यादी (न्यूयॉर्क शहर)

न्यूयॉर्क शहराच्या नागरी सेवेतील स्पर्धात्मक पदांच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांची गुणानुक्रमे लावलेली यादी म्हणजे पात्रता यादी होय. महापालिकेच्या खात्यांतील स्पर्धात्मक पदांवरील कायम नियुक्त्या या यादीतून केल्या जातात. यादीत नाव आल्याने उमेदवाराला नोकरी मिळत नाही, तर विचार होण्याची संधी मिळते. ही संधी यादीची मुदत संपेपर्यंतच टिकते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सरकारी नोकऱ्या बहुधा राजकीय पक्षांच्या शिफारशीने दिल्या जात. नोकरी न मिळाल्याने संतापलेल्या एका इच्छुकाने १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या व त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर १८८३ मध्ये संघराज्य सरकारसाठी पेंडल्टन कायदा संमत झाला. त्याच वर्षी नागरी सेवा कायदा करणारे न्यूयॉर्क हे पहिले राज्य ठरले. १८९४ च्या राज्यघटनेने गुणवत्ता व योग्यता हा नियुक्तीचा निकष ठरवला आणि ती शक्य तेथवर स्पर्धा परीक्षेने पारखावी, असे बंधन राज्यातील शहरांवरही घातले. न्यूयॉर्क शहरात परीक्षा व याद्यांचे काम डिपार्टमेंट ऑफ सिटीवाइड ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिसेस हे खाते पाहते. ते १९९६ मध्ये दोन जुनी खाती एकत्र करून स्थापन झाले.

यादीची रचना

परीक्षेच्या अधिसूचनेत पदाची कामे, वेतन, पात्रता आणि अर्जाची मुदत दिलेली असते. निकालानंतर प्रत्येक उत्तीर्ण उमेदवाराला यादी क्रमांक मिळतो. थेट भरतीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या पात्र माजी सैनिकांना ५ व सेवेत अपंगत्व आलेल्यांना १० वाढीव गुण मिळू शकतात. पदोन्नतीच्या परीक्षेत हे गुण निम्मे असतात.

एकाच पदासाठी अनेक याद्या असल्यास त्यांचा क्रम ठरलेला असतो. पदे कमी केल्यामुळे सेवेतून काढलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीला प्रथम प्राधान्य मिळते. त्यानंतर सर्वसाधारणपणे पदोन्नतीची व शेवटी थेट भरतीची यादी वापरली जाते. परीक्षेतून तयार होणाऱ्या यादीची मुदत कायद्यानुसार किमान एक व कमाल चार वर्षे असते.

तिघांतून एकाची निवड

राज्याच्या नागरी सेवा कायद्याच्या ६१ व्या कलमानुसार प्रत्येक रिक्त पदासाठी नोकरी स्वीकारण्यास तयार असलेल्या पहिल्या तीन उमेदवारांपैकी कोणाचीही निवड करता येते. समजा, ४१, ४२ व ४३ या क्रमांकांचा विचार होऊन ४३ व्या उमेदवाराची निवड झाली, तर पुढील पदासाठी ४१, ४२ व ४४ यांचा विचार होतो. त्यामुळे वरच्या क्रमांकाचा उमेदवारही मागे राहू शकतो. काहींनी नकार दिल्यास मोठा क्रमांक असलेल्यांपर्यंत पाळी लवकर येते. इच्छुक उमेदवार तीनपेक्षा कमी उरल्यास त्या यादीतून नियुक्ती करणे खात्यावर बंधनकारक राहत नाही.

बोलावणे व स्वीकृती

पद भरायचे असलेले खाते यादीतील उमेदवारांना क्रमाने मुलाखतीस बोलावते. एका पदासाठी अनेकांना बोलावणे येत असल्याने मुलाखतपत्र हे नियुक्तीपत्र नसते. पत्त्यातील बदल न कळवल्यास किंवा बोलावण्यास उत्तर न दिल्यास उमेदवाराचे नाव विचारातून वगळले जाऊ शकते. मान्य कारणासाठी नकार देणाऱ्या उमेदवाराला नाव पुन्हा यादीत घेण्याची विनंती करता येते, मात्र त्यामुळे यादीची मुदत वाढत नाही.

नियुक्तीचा प्रस्ताव स्वीकारताना तिचे स्वरूप पाहणे महत्त्वाचे असते. यादीतून झालेल्या कायम नियुक्तीत परिवीक्षा काळ असतो व तो बहुतेक पदांसाठी एक वर्षाचा असतो. तो पूर्ण केलेल्या स्पर्धात्मक वर्गातील कर्मचाऱ्याला आरोपपत्र व सुनावणीशिवाय काढता येत नाही. याउलट, वापरण्याजोगी यादी नसताना केलेली तात्पुरती नियुक्ती कायमपणाचा हक्क देत नाही. अशा नियुक्तीला कायद्याने नऊ महिन्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा ओलांडून वर्षानुवर्षे काम केल्यानेही कायमपणा येत नाही, हे राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००७ मध्ये लाँग बीच शहराच्या खटल्यात स्पष्ट केले. पदोन्नती स्वीकारणाऱ्या कायम कर्मचाऱ्याचे पूर्वीचे पद मात्र परिवीक्षा संपेपर्यंत त्याच्यासाठी राखून ठेवले जाते.

टीका

गुणानुक्रमाची यादी मूळ परीक्षेइतकीच न्याय्य ठरते, असा आक्षेप घेतला जातो. शहराच्या अग्निशमन दलाने १९९९ व २००२ मध्ये वापरलेल्या लेखी परीक्षा कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक उमेदवारांबाबत भेदभाव करणाऱ्या होत्या, असा निकाल संघराज्य न्यायालयाने २००९ मध्ये दिला. यादीची मुदत संपल्यावर उत्तीर्ण उमेदवारालाही पुन्हा परीक्षा द्यावी लागते, ही आणखी एक तक्रार आहे.

भारतातील तत्त्वाशी साम्य

भारतातही निवड यादीत नाव असणे आणि नियुक्तीचा हक्क असणे या भिन्न गोष्टी आहेत. शंकरसन दाश विरुद्ध भारत संघ (१९९१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की यादीतील उमेदवाराला नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही, मात्र सरकारलाही मनमानीने पदे रिक्त ठेवता येत नाहीत. महाराष्ट्रातील महापालिकांच्या निवड व प्रतीक्षा याद्यांतील उमेदवारांनाही हेच तत्त्व लागू होते.