प्रतिकृती रेल्वेतील रस्ते व रस्त्यांवरील चिन्हांकन

प्रतिकृती रेल्वेतील रस्ते म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीत रुळांच्या सोबतीने, ठरावीक प्रमाणात लहान करून उभारलेले रस्ते, साइडपट्ट्या, रेल्वे फाटके आणि त्यांवरील पट्टे व खुणा. मांडणीतील इंजिने व डबे बहुधा कारखान्यात तयार झालेले असतात. रस्ता मात्र जवळजवळ नेहमीच हाताने घडवावा लागतो. माणूस, वाहन, घर आणि गाडी यांच्या आकारांची परस्परांशी तुलना रस्त्यावरच होत असल्याने रस्त्याचे माप किंवा रंग चुकल्यास अचूक बनवलेली गाडीही खेळण्यासारखी दिसू लागते. म्हणून या कामात कारागिरीइतकेच मोजमापाला आणि निरीक्षणाला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

प्रारंभीच्या काळात प्रतिकृती रेल्वेचा भर रूळ आणि गाड्या यांवर होता. गाडीभोवतीचा परिसरही तितक्याच काळजीने दाखवण्याची दृष्टी १९३० च्या दशकापासून ब्रिटनमध्ये जॉन अहर्न यांच्या ‘मॅडर व्हॅली रेल्वे’सारख्या मांडण्यांमुळे रुजली. रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या पेंडन संग्रहालयात १९२० व १९३० च्या दशकांतील इंग्रजी खेडी, तेथील गल्ल्या व गाडीवाटा १:७६ या प्रमाणात उभारल्या आहेत. जर्मनीतील फालर या कंपनीने १९८९ मध्ये चालती वाहने बाजारात आणली. या पद्धतीत रस्त्याच्या पृष्ठभागाखाली लोखंडी तार पुरलेली असते आणि वाहनाच्या पुढील चाकांना जोडलेले चुंबक त्या तारेच्या अनुरोधाने वळते. हॅम्बर्ग येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मिनिआटुर वुंडरलँड’ या प्रदर्शनात चालत्या वाहनांचे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले आहे.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत परिचित स्थान म्हणजे पुण्याच्या कोथरूड भागातील जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून आकारास आलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथील लघुनगरीत रेल्वेबरोबर रस्ते, सर्कस, जलतरण तलाव इत्यादी दृश्येही आहेत.

प्रमाण आणि मोजमापे

प्रतिकृती रेल्वेत एचओ (१:८७), ओओ (१:७६) आणि एन (१:१६०) ही प्रमाणे विशेष प्रचलित आहेत. भारतीय रस्त्यांची रुंदी ठरवताना भारतीय रस्ते काँग्रेसची, म्हणजेच इंडियन रोड्स काँग्रेसची मानके आधारभूत मानता येतात. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये ही संस्था स्थापन झाली. तिच्या मानकांनुसार एकपदरी रस्त्याची रुंदी ३.७५ मी., मध्यम पदरी रस्त्याची ५.५ मी. आणि कडेला उंच दगड नसलेल्या दुपदरी रस्त्याची ७ मी. असते. साइडपट्ट्या यात धरलेल्या नाहीत.

| घटक | प्रत्यक्ष माप | ओओ (मि.मी.) | एचओ (मि.मी.) | एन (मि.मी.) |
|---|---|---|---|---|
| एकपदरी रस्ता | ३.७५ मी. | ४९ | ४३ | २३ |
| मध्यम पदरी रस्ता | ५.५ मी. | ७२ | ६३ | ३४ |
| दुपदरी रस्ता | ७ मी. | ९२ | ८० | ४४ |
| मधल्या रेघेची रुंदी | १५ सें.मी. | २.० | १.७ | ०.९ |
| तुटक रेघेची लांबी | ३ मी. | ३९ | ३४ | १९ |
| दोन रेघांमधील अंतर | ४.५ मी. | ५९ | ५२ | २८ |
| झेब्रा पट्ट्याची रुंदी | ५० सें.मी. | ६.६ | ५.७ | ३.१ |

वाहनांचे प्रमाण रस्त्याशी जुळणे आवश्यक असते. खेळण्यांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या छोट्या मोटारी पुष्कळदा १:६४ च्या आसपास असतात. प्रत्यक्षात २.५ मी. रुंद असलेला मालट्रक या प्रमाणात ३९ मि.मी. भरतो. असे दोन ट्रक एचओ प्रमाणातील ८० मि.मी. रुंदीच्या दुपदरी रस्त्यावर समोरासमोर आले, तर त्यांच्यामध्ये जेमतेम २ मि.मी. जागा उरते. १:८७ प्रमाणातील तोच ट्रक सुमारे २९ मि.मी. रुंद असतो आणि दोन्ही वाहने मोकळेपणाने जाऊ शकतात. येथे रस्ता अरुंद नसून वाहन मोठे असते. अशा वेळी रस्ता रुंद केल्यास शेजारची घरे व फलाट लहान दिसू लागतात.

लांबीच्या बाबतीत मात्र तडजोड अटळ असते. फाटकापासून २०० मी. अंतरावर असणारा सूचनाफलक एचओ प्रमाणात २.३ मी. दूर लावावा लागेल, आणि घरातील मांडणीत एवढी जागा क्वचितच असते. म्हणून रुंदी व उंची प्रमाणात ठेवून लांबी आखडती घेण्याचा प्रघात आहे. वळण, झाडांची रांग किंवा इमारत यांच्याआड रस्त्याचे टोक लपवले की ही काटछाट नजरेत भरत नाही.

बांधणी

रस्त्याचा पाया म्हणून जाड पुठ्ठा, माउंट बोर्ड, फोमशीट किंवा पातळ प्लायवुड वापरतात. खरा रस्ता सपाट नसतो. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून तो मध्यभागी उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. या उताराला अभियंते कँबर म्हणतात. २ टक्के उतार धरल्यास ७ मी. रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ७ सें.मी. उंच असतो, म्हणजे एचओ प्रमाणात सुमारे ०.८ मि.मी. मध्यरेषेखाली तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची अरुंद पट्टी चिकटवून तिच्यावर रस्त्याचा पुठ्ठा ताणून बसवला की हा उतार साधतो.

पृष्ठभागासाठी तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत अतिशय बारीक दाण्याचा पॉलिश पेपर चिकटवतात. ही पद्धत सोपी आहे, परंतु कागदांचे सांधे दिसू नयेत याची काळजी घ्यावी लागते. दुसरीत भिंतीची पुट्टी किंवा प्लास्टर पातळ थरात पसरून वाळल्यावर घासतात. तडे, खड्डे आणि चर कोरण्यास ही पद्धत सोयीची असते. तिसरीत पांढऱ्या डिंकाच्या थरावर कापडातून चाळलेली राख किंवा दगडाची भुकटी भुरभुरवतात. वाळूचा साधा कणही एचओ प्रमाणात मोठ्या खडीएवढा दिसतो. त्यामुळे डांबरी रस्त्यासाठी वाळू वापरत नाहीत. पुठ्ठा ओलाव्याने वाकडा होतो. त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना आधी रंगाचा हात देतात.

रंग

डांबरी रस्ता काळाभोर असतो हा समज निरीक्षणावर टिकत नाही. नवे डांबर काळपट दिसते, पण वाहतुकीने वरचे डांबर झिजून खडी उघडी पडते आणि रस्ता राखाडी होतो. याशिवाय अंतराचाही परिणाम असतो. एचओ प्रमाणातील मांडणी ६० सें.मी. अंतरावरून पाहणे म्हणजे खरा रस्ता सुमारे ५२ मी. अंतरावरून पाहणे होय, आणि एवढ्या अंतरावरून गडद रंग फिका दिसतो. म्हणून काळ्या रंगात पांढरा आणि किंचित मातकट रंग मिसळून तयार केलेली राखाडी छटा वापरतात. रंगाला चकाकी नसावी. घाटमाथा व खानदेशातील खडी बहुतांशी काळ्या बेसाल्ट दगडाची असल्याने तेथील जुन्या रस्त्याची छटा निळसर राखाडीकडे झुकते. मुरुमाच्या साइडपट्ट्या मात्र तांबूस दिसतात. काँक्रीटच्या रस्त्यासाठी फिकट, पिवळसर राखाडी रंग देऊन ठरावीक अंतरावर आडवे सांधे कोरतात.

चिन्हांकन

भारतात रस्त्यावरील पट्टे प्रामुख्याने पांढरे असतात आणि पिवळा रंग मुख्यतः मनाई दर्शवण्यासाठी वापरला जातो. याविषयीचे मानक ‘आयआरसी ३५’ या क्रमांकाने ओळखले जाते. चारपेक्षा कमी पदरांच्या शहरी रस्त्यांवर ३ मी. रेघ आणि ४.५ मी. मोकळी जागा ही मधल्या तुटक रेघेची परिचित मांडणी आहे. वळणावर व चौकाजवळ मोकळी जागा ३ मी. इतकी कमी होते. पादचारी मार्गाची रुंदी साधारणतः २ ते ४ मी. असते. परदेशी कंपन्यांचे तयार चिकटपट्टे वापरताना ही मापे व रंग तपासून घ्यावे लागतात, कारण प्रत्येक देशाची मांडणी निराळी आहे.

पट्टे काढण्याची सर्वमान्य रीत अशी: रंग पूर्ण वाळल्यावर पेन्सिलीने मध्यरेषा आखतात. तिच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवून मधली फट मापाइतकी ठेवतात. टेपच्या कडेखाली रंग झिरपू नये म्हणून कडेवर आधी रस्त्याच्याच रंगाचा एक पातळ हात देतात. नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने किंवा स्पंजने मळकट पांढरा रंग टेपून लावतात. तुटक रेघांसाठी पातळ प्लास्टिकमध्ये कापलेला साचा वापरल्यास लांबी एकसारखी येते. एन प्रमाणात रेघ १ मि.मी. पेक्षाही अरुंद असल्याने पांढरी रंगीत पेन्सिल किंवा जेल पेन अधिक सोयीचे ठरते. शुभ्र पांढरा रंग टाळतात. चाके जातात त्या ठिकाणी पट्टे बारीक पॉलिश पेपरने हलके घासून झिजवतात.

रस्त्याकडेच्या खुणाही चिन्हांकनाचाच भाग आहेत. मैलाच्या दगडाचा माथा राष्ट्रीय महामार्गावर पिवळा, तर राज्य महामार्गावर हिरवा असतो. दुभाजकाचे दगड काळ्या-पांढऱ्या रंगात एकाआड एक रंगवलेले असतात. महाराष्ट्रातील अनेक रस्त्यांवर झाडांच्या बुंध्यांना गेरू व चुन्याचे पट्टे दिलेले आढळतात. एवढ्या खुणांनीही मांडणीतील प्रदेश ओळखू येतो.

रेल्वे फाटक

रस्ता आणि रूळ एकमेकांना छेदतात ती जागा सर्वांत अवघड असते. भारतीय ब्रॉडगेजवर फाटकाच्या ठिकाणी रूळ व आतील संरक्षक रूळ यांमध्ये चाकाच्या कडेसाठी ५१ ते ५७ मि.मी. फट ठेवतात. ही फट एचओ प्रमाणात सुमारे ०.६ मि.मी. येते. परंतु प्रतिकृतीच्या चाकांच्या कडा प्रमाणाहून जाड असल्यामुळे तेथे १.२५ ते १.५ मि.मी. फट सोडावी लागते. या ठिकाणी प्रमाणापेक्षा गाडी सुरळीत धावण्याला अग्रक्रम द्यावा लागतो. दोन रुळांमधील रस्ता रुळाच्या माथ्यापेक्षा किंचित खाली ठेवतात, अन्यथा रूळ पुसताना रंग खरवडला जातो आणि इंजिन अडखळते. भारतीय ब्रॉडगेजची १,६७६ मि.मी. रुंदी एचओ प्रमाणात १९.३ मि.मी. येते, पण बाजारात मिळणारा रूळ १६.५ मि.मी. रुंदीचा असतो. हा फरक फाटकावर अधिक जाणवतो.

विद्युतीकृत मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंच वाहने अडवणारी लोखंडी चौकट उभारतात. तिची मोकळी उंची ४.६७ मी., म्हणजे एचओ प्रमाणात ५४ मि.मी. असते. रुळाकडेला ‘सी/फा’ अक्षरांचा पिवळा फलक चालकाला फाटकाआधी शिटी वाजवण्याची सूचना देतो. रस्त्याकडेला त्रिकोणी सूचनाफलक असतो. त्यावर कर्मचारी असलेल्या फाटकासाठी फाटकाचे, तर कर्मचारीविरहित फाटकासाठी इंजिनाचे चित्र असते. ब्रॉडगेजवरील कर्मचारीविरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली. त्यामुळे त्यानंतरचा काळ दाखवणाऱ्या ब्रॉडगेज मांडणीत इंजिनाच्या चित्राचा फलक लावणे कालविपर्यास ठरतो.

नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा रस्त्यांच्या विविधतेमुळे अभ्यासास उपयुक्त आहे. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने सुरू केलेला सुरत–भुसावळ बाजूचा मार्ग नवापूर, चिंचपाडा, खांडबारा व नंदुरबार या स्थानकांवरून जातो. आज तो दुहेरी व विद्युतीकृत आहे. पूर्वी सहा क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग विसरवाडी व नवापूरवरून सुरतकडे जातो. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता अक्कलकुवा, तळोदा व शहादा यांना जोडतो, तर तोरणमाळकडे चढणारा रस्ता सातपुड्यातील घाटरस्त्याचा नमुना आहे.

या परिसराची मांडणी करताना तापीकाठच्या सपाटीवर काळ्या मातीची शेते, मुरुमाच्या साइडपट्ट्या, मोऱ्या व फरशी पूल दाखवता येतात. नंदुरबारजवळ मिरची वाळत घालण्याच्या पथाऱ्या असतात. रस्त्यालगत लाल मिरचीचा असा एक पट्टा दाखवला की स्थळ ओळखण्यास पाटीची गरज उरत नाही. नवापूर स्थानकाच्या फलाटावरून महाराष्ट्र व गुजरात यांची सीमा जाते आणि तेथील एका बाकावर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत. स्थानकाबाहेरील रस्त्यावर मराठी व गुजराती अशा दोन्ही लिप्यांतील दुकानांच्या पाट्या लावल्यास हे वैशिष्ट्य प्रतिकृतीतही उतरते.

जुनेपणा व तपासणी

शेवटच्या टप्प्यात रस्त्याला वापराची कळा देतात. चाकोरीत पेस्टल खडूची गडद भुकटी आणि कडेला मातीच्या रंगाची भुकटी चोळतात. थांब्यावर व चौकात तेलाचे डाग दाखवतात. नळासाठी खणून बुजवलेला चर गडद ठिगळासारखा रंगवतात. खड्डे व तडे मोजकेच ठेवतात. सर्वत्र सारखाच जुनेपणा दिला की तोही कृत्रिम वाटतो.

काम तपासण्यासाठी छायाचित्र उपयोगी पडते. एचओ प्रमाणात उभा माणूस सुमारे २ सें.मी. उंच असतो. तेवढ्या उंचीवरून रस्त्याचे छायाचित्र घेतल्यास जाड रेघा, चकाकणारा रंग आणि उचललेल्या कडा तत्काळ लक्षात येतात.

नोंद म्हणून महत्त्व

इमारती व इंजिने यांची छायाचित्रे आणि आराखडे जपले जातात, पण साधा रस्ता कसा होता याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. एकपदरी रस्ते रुंद होतात, फरशी पुलांच्या जागी उंच पूल येतात, रेल्वे फाटकांऐवजी उड्डाणपूल व भुयारी मार्ग बांधले जातात आणि पट्ट्यांची मानकेही बदलतात. ठरावीक वर्ष निश्चित करून, प्रत्यक्ष मोजमाप घेऊन आणि गावातील जुन्या माणसांना विचारून केलेली मांडणी अशा बदलत्या परिसराची त्रिमितीय नोंद ठरते. शालेय प्रकल्पातही ही पद्धत उपयुक्त आहे. आपल्या गावचा एक रस्ता मोजून तो १:८७ प्रमाणात उतरवताना विद्यार्थ्यांना गुणोत्तर, भूगोल आणि स्थानिक इतिहास या तिन्ही विषयांचा उपयोग करावा लागतो.