डीएक्सिंग म्हणजे काय? हजारो किलोमीटरवरचं रेडिओ स्टेशन पकडणारा छंद

गाडी शहराबाहेर पडली की एफएम खरखरायला लागतं. मग रोमानियातलं स्टेशन इथल्या गच्चीवर, साध्या रेडिओवर, इंटरनेटशिवाय कसं लागतं?

शॉर्टवेव्हमुळे. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या या लहरी आकाशात उंचावरच्या आयनोस्फिअर थरातून पुन्हा जमिनीकडे वळतात, तिथून परत वर जातात आणि अशा टप्प्याटप्प्यानं समुद्र ओलांडतात. हा थर सूर्यामुळे तयार होतो. त्यामुळे रात्री खालचे बँड लांबवर पोचतात, दिवसा वरचे. शिवाय सौरडागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र आहेच. काल लागलेलं स्टेशन आज लागेलच असं नाही, आणि खरी मजा त्यातच आहे.

‘डीएक्स’ म्हणजे तारयंत्राच्या काळातलं ‘अंतर’ या शब्दाचं लघुरूप. पण स्टेशन नुसतं ऐकून भागत नाही, तसा पुरावा द्यावा लागतो. तारीख, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमात नेमकं काय ऐकलं हे लिहून स्टेशनला पाठवायचं. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ तिथे १६:०० होतात. आवाजाला ‘सिनपो’ पद्धतीनं पाच आकडे द्यायचे. ५५५५५ म्हणजे एकदम खणखणीत. (उगाच सगळे पाच देऊ नका, अभियंत्यांना खरी माहिती हवी असते.) तपशील जुळले की स्टेशन क्यूएसएल कार्ड पाठवतं. छंदिष्टांची खरी कमाई हीच.

भारतात शॉर्टवेव्ह घरोघरी गेली ती गाण्यांमुळे. १९५२मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं हटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७मध्ये विविध भारती सुरू झाली.

आता स्टेशनंच कमी होत चालली आहेत. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबलं. पण मार्च २०२२मध्ये युद्ध पेटल्यावर युक्रेनसाठी याच बीबीसीनं दोन नव्या शॉर्टवेव्ह फ्रिक्वेन्सी सुरू केल्या. इंटरनेट तोडता येतं, टॉवर पाडता येतात. दूर देशातल्या ट्रान्समीटरपर्यंत हात पोचत नाही.

ऐकून पाहायचं असेल तर शॉर्टवेव्ह बँड असलेला रेडिओ घ्या, अँटेनाला काही मीटर वायर जोडून ती खिडकीबाहेर सोडा आणि अंधार पडल्यावर ६ ते १० मेगाहर्ट्झच्या मधे शोधा. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मात्र आधी बंद करा. निम्मी खरखर तिथूनच येते.