पुरीम (होळीचा सण)

ज्यू पंचांगातील अदार महिन्याच्या १४ तारखेस येणारा सण. महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजात त्याचे जुने नाव ‘होळीचा सण’. योम किप्पूर किंवा पेसाहच्या तुलनेत हा धाकटा सण. या दिवशी कामधंदा बंद ठेवण्याचे बंधन नाही.

आधार बायबलमधील एस्तेरच्या पुस्तकाचा. हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत १२७ प्रांतांवर राज्य करणाऱ्या अहश्वेरोश राजाचा प्रधान हामान सर्व ज्यूंच्या कत्तलीचा हुकूम मिळवतो आणि त्यासाठी दिवस ठरवायला चिठ्ठ्या टाकतो. ‘पूर’ म्हणजे चिठ्ठी. सणाचे नाव त्यावरूनच. राणी एस्तेर आणि तिला वाढवणारा मर्दखय हा डाव उलटवतात, आणि मर्दखयासाठी उभारलेल्या खांबावर हामानच चढतो. बायबलात हिंदुस्थानाचे नाव येते ते याच पुस्तकात. देवाचे नाव मात्र त्यात एकदाही नाही.

आदल्या दिवशी एस्तेरचा उपास असतो. सणाला चार गोष्टी आवश्यक मानतात: मेगिल्ला म्हणजे एस्तेरची गुंडाळी संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी ऐकणे, स्नेह्याला निदान दोन खाद्यपदार्थ पाठवणे, किमान दोन गरजूंना दान, आणि दिवसाउजेडी मेजवानी. वाचनात हामानाचे नाव आले की पोरे खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते बुडवून टाकतात. प्रार्थनालयात एवढा गोंगाट एरवी कोणी खपवून घेणार नाही. सोंगे घेण्याची आणि मद्य पिण्याचीही मुभा असते. काही देशांत हामानाचा पुतळा जाळत. रोमन सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने इ. स. ४०८ मध्ये त्यावर बंदी घातली होती.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज कोकणात आले, अशी बेने इस्रायलांची परंपरागत समजूत आहे. तेलाच्या घाण्यावर जगणाऱ्या आणि शनिवार पाळणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’नी सणांना मराठी नावे दिली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी लिहिलेल्या व १९३७ साली तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या समाजेतिहासात ही नावे नोंदलेली आहेत. होळीचा सण हे नाव त्यांपैकीच एक. मात्र त्यावरून बेने इस्रायल होळी पेटवत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. नावामागे मुख्यतः चंद्र आहे. दोन्ही पंचांगे चांद्र-सौर असल्याने १४ अदार आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुधा लागून येतात. २४ मार्च २०२४ रोजी तर पुरीम व होलिकादहन एकाच दिवशी आले. अधिक महिना घालण्याचे नियम वेगळे असल्यामुळे काही वर्षी मात्र महिनाभराची तफावत पडते: २०२१ मध्ये पुरीम २६ फेब्रुवारीला, तर होळी २८ मार्चला होती.

ताटात मात्र शेजार उतरला आहे. युरोपातील ज्यू या दिवशी खसखशीच्या सारणाच्या तिकोनी करंज्या करतात, बेने इस्रायलांकडे पुरणपोळी होते. मांसाच्या जेवणात दूधतूप चालत नाही, म्हणून या समाजाच्या स्वयंपाकात नारळाचे दूध सढळ वापरतात.

सामुदायिक वाचन प्रार्थनालयात होते. मुंबईतील सर्वांत जुने प्रार्थनालय, शाआर हारहामीम, सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये स्थायिक झाला; भारतात उरलेल्यांची वस्ती मुख्यतः मुंबई-ठाणे परिसरात आहे.