पहार कोणाची?

मजूर नाक्यावर सकाळी गवंड्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. थापी, ओळंबा आणि गुण्या असलेली पिशवी कोणीही बाजूला ठेवत नाही. ती मांडीखाली असते, नाहीतर खांद्याला. इमारतीच्या कामावर मुक्काम पडला की हीच पिशवी रात्री उशाला येते. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका माळ्याची छाटणीची कात्री, दोन खुरपी आणि फवारणीचा पंप सोसायटीच्या जिन्याखालून गेला. सामान त्याचे होते, पण चौकशी सुरू झाली ती त्याच्यापासूनच. रात्री कुठे होतास, कोणाला विकलेस. तेव्हापासून तो सगळी हत्यारे सायकलला बांधून रोज घरी नेतो.

उशाला पिशवी घेऊन झोपणाऱ्या गवंड्याला पाहून मला दरवेळी सफवान बिन उमय्या आठवतात. ते मशिदीत आपली चादर उशाला घेऊन झोपले होते. चोराने ती ओढली, सफवान यांनी त्याला पकडले आणि प्रेषितांकडे (स.) नेले. शिक्षा फर्मावल्यावर मात्र सफवान यांचे मन द्रवले. चादर मी त्याला दान केली, असे ते म्हणाले. त्यावर, माझ्याकडे आणण्याआधीच असे का केले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विचारले. हदीसच्या ग्रंथांतली ही गोष्ट बहुतेकांना माफीपुरती माहीत असते. फकिहांनी, म्हणजे कायद्याच्या अभ्यासकांनी, तिच्यातून आणखी एक मुद्दा काढला. मशीद सर्वांसाठी उघडी, तिला कुलूप नाही. तरीही डोक्याखालची चादर 'राखलेली' ठरली, कारण माणूस स्वतःच तिचा राखणदार होता.

या राखण्याला फिकहमध्ये 'हिर्ज' म्हणतात. चोरीची कठोर शिक्षा लागू व्हायची तर वस्तू हिर्जमधून उचललेली असली पाहिजे. हिर्ज दोन प्रकारचा: जागेचा आणि माणसाचा. कोणत्या वस्तूचा हिर्ज कोणता, हे तिथल्या रिवाजावर ठरते. सोन्याचा हिर्ज पेटी, जनावरांचा गोठा, धान्याचा खळे. वस्तू उघड्यावर टाकून दिली असेल तर उचलणारा गुन्हेगार राहतोच, भरपाईही द्यावी लागते, पण हात तोडण्याची शिक्षा होत नाही. शिवाय किमतीची किमान मर्यादा आहे: कोणाच्या मते तीन दिरहम, हनफींच्या मते दहा. इस्लामी कायदा म्हटले की लोकांना फक्त तलवार दिसते; या अटींची यादी फारसे कोणी वाचत नाही, आपल्यातलेही नाही.

बागेच्या चोरीचा तर थेट खटलाच इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये नोंदलेला आहे. मदिनेत एका गुलामाने कोणाच्या तरी बागेतून खजुराचे रोप उपटले आणि आपल्या मालकाच्या बागेत लावले. रोपाचा धनी शोधत आला आणि त्याने ते ओळखले. त्या वेळी मदिनेचा कारभार मरवान बिन हकम याच्याकडे होता. त्याने गुलामाला कैदेत टाकले आणि त्याचा हात तोडायचे ठरवले. गुलामाचा मालक धावत राफे बिन खदीज या वृद्ध सहाबींकडे गेला. फळासाठी किंवा खजुराच्या गाभ्यासाठी हात तोडायचा नाही, असे प्रेषितांकडून (स.) आपण ऐकले आहे, असे राफे यांनी सांगितले. मालकाला एवढ्यावर भागणार नव्हते. त्याने त्यांना बरोबर घेऊनच मरवानचे घर गाठले. गुलाम सुटला. कुंपण नसलेली, राखणदार नसलेली बाग हिर्ज नव्हे, असा याचा अर्थ मालिकी आणि शाफई फकिहांनी लावला.

दुसरा खटला हजरत उमर (रजि.) यांच्यापुढचा. हातिब यांच्या गुलामांनी मुझैना टोळीतल्या एकाचा उंट चोरून कापला. उंट म्हणजे त्या माणसाचे कामाचे जनावर. आधी शिक्षेचा हुकूम झाला, मग उमर (रजि.) थबकले. तुम्ही यांना उपाशी ठेवता असे दिसते, असे त्यांनी हातिब यांना सुनावले. उंटाची किंमत चारशे दिरहम निघाली आणि हातिब यांच्याकडून आठशे वसूल झाले. ज्याचा उंट गेला त्याच्या हातात पैसे पडले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण त्यात चोराच्या हाताइतकाच ज्याचे गेले त्याच्या उद्याच्या कामाचाही विचार आहे.

हिंदुस्थानात हा भरपाईचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. इथे राखण गावाकडे होती. शेरशाहच्या कारकिर्दीत (१५४० ते १५४५) गावच्या हद्दीत चोरी झाली आणि चोर सापडला नाही तर नुकसान मुकद्दमाने भरून द्यायचे, असा नियम असल्याचे अब्बास खान सरवानी लिहितो. तो स्वतः अफगाण, तेव्हा कौतुक थोडे पदरचेही असेल. पण दख्खनमध्येही तत्त्व हेच होते. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल दिला त्यात गावच्या राखणदाराचे वर्णन आहे. हे काम कुठे महाराकडे, कुठे रामोशाकडे, कुठे भिल्लाकडे. चोरी झाली की त्याने माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला की पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचा. माग गावातच थांबला तर जबाबदारी गावाची. यात अन्याय होताच. चोरी दुसऱ्याने करायची आणि पहिला हात गरीब राखणदाराच्या तुटपुंज्या वतनावर पडायचा. तरी नांगराचा फाळ गेला तर कोणाच्या दारात उभे राहायचे, हे कुणब्याला ठाऊक होते.

कंपनी सरकार आले आणि ही व्यवस्था मोडत गेली. पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांचे राखणीचे हक्क गेले, उमाजी नाईकांचे बंड झाले, १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी दिले गेले. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. कालचे राखणदार आज जन्मजात चोर. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींची यादी आजही वाचण्यासारखी आहे. तीत रामोशी आहेत, पहार आणि सुतकी घेऊन दगड फोडणारे वडार आहेत आणि आपले छप्परबंदही आहेत. छप्परबंद मुसलमान. लोकांच्या घरावर छप्पर घालणे हा धंदा नावातच आहे, तरी त्यांची सरकारी ओळख खोटी नाणी पाडणारे अशीच राहिली. ज्यांच्या घरात हत्यारांशिवाय चोरण्यासारखे काही नव्हते, त्यांचीच नावे चोरांच्या यादीत गेली.

इंग्रजी कायद्यात एक चांगली तरतूदही आहे, तिची नोंद घ्यायला हवी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कर्जाच्या वसुलीत कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. ऋणको शेतकरी असेल तर त्याची अवजारे आणि पोटापाण्याला लागतील तेवढी जनावरे व बी-बियाणेही सोडावे लागते. म्हणजे हत्यार म्हणजे नुसता माल नव्हे, हे कायद्याला कळत होते. सावकाराच्या हातून हत्यार वाचवणारे हे कलम भुरट्या चोराच्या बाबतीत मात्र काही बोलत नाही.

उलट १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे, आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचे, कलम १२२ पाहा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साधन जवळ सापडले आणि त्याचे योग्य कारण देता आले नाही, तर तो गुन्हा. आता पहार हे वडाराचे हत्यार आहे आणि घरफोडीचे साधनही. ती कोणाच्या हातात आहे यावर तिचे नाव ठरते. कामावर ठेवली तर चोरीला जायची भीती, रात्री घरी न्यावी तर पोलिसाला उत्तर द्यायची तयारी ठेवायची.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरलेला माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, दोषी पहिल्यांदाच सापडलेला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामाजिक सेवेची. तीन दिरहमांची आठवण व्हावी अशीच ही मर्यादा. एखाद्या उपाशी पोराला तुरुंगापासून वाचवणारी तरतूद म्हणून मला ती मान्य आहे. परत करण्याची अट तर उमर (रजि.) यांच्या निकालाच्या जवळ जाणारी. पण त्यासाठी आधी तक्रार लिहून घेतली पाहिजे, चोर सापडला पाहिजे, खटला उभा राहिला पाहिजे. आमच्या माळ्याच्या सामानाची किंमत पाच हजारांच्या आतच भरली असती. पंपावाचून त्याचे बारा दिवस गेले. ते कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

तक्रार त्याने दिली नाही. सोसायटीने जिन्याखाली एक लोखंडी पेटी बसवून द्यावी, एवढेच त्याचे मागणे होते. पेटीचा विषय दोन बैठकांत निघाला. दुसऱ्या बैठकीत प्रवेशद्वारावर आणखी एक कॅमेरा लावायचे ठरले. तो येणाऱ्या-जाणाऱ्या कामगारांच्या पिशव्यांवर रोखलेला आहे.