शनिवार तेल्यांची वंशावळ

मुंबईत मध्य रेल्वेवर मशीद नावाचे स्टेशन आहे. तेथे उतरणाऱ्या शंभरांतल्या नव्याण्णवांना ही मशीद मुसलमानांची वाटते. आम्हांलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. पण हे नाव जवळच्या एका यहुदी प्रार्थनामंदिरावरून पडले, असे सांगतात. मंदिराचे नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. आसपासचे लोक त्याला जुनी मशीदच म्हणत. १७९६ साली ते उभारणारा गृहस्थ कंपनी सरकारच्या फौजेत कमांडंट होता. इंग्रजी ग्रंथांत त्याचे नाव सॅम्युएल एझिकेल दिवेकर असे येते. त्याच्या कोकणी भाऊबंदांत तो सामाजी हसाजी. माणूस एकच, नावे दोन. बेने इस्राएल समाजातील पूर्वजांचा माग काढणाऱ्याने श्रीगणेशा येथूनच करावा.

या लोकांचे मूळ आपल्या कोकणातले, म्हणून त्यांची कथा आपल्यालाही परकी नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरा सांगते. हे केव्हा घडले याविषयी पंडितांत एकमत नाही, आणि त्या वादात आम्ही पडत नाही. पुढे हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. अठराव्या शतकाच्या मध्यापासून त्यांतले काही मुंबईस आले, कंपनीच्या पलटणीत शिरले, आणि त्यांची नावे कागदावर येऊ लागली.

पण नावे कशी? यहेजकेलाचा हसाजी, शमुवेलाचा सामाजी, अब्राहामाचा आबाजी, रहमीमचा रामाजी! आडनाव पुष्कळदा गाळलेले. इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले हे नाव यादीत वाचून तो मराठा की इस्राएल, हे कोणी सांगावे? पुढे मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, समाजात मूळ नावांची ओढ वाढली. आजोबा आबाजी होते, नातू अब्राहाम झाला. धर्माच्या दृष्टीने हे योग्यच झाले असेल. वंशावळ लिहिणाऱ्याच्या हातचा धागा मात्र नेमका तेथे तुटतो.

तो सांधायचा तर आडनावाकडे वळावे. पेणकर, केहिमकर, दिवेकर, रोहेकर, राजपूरकर अशी शंभराहून अधिक आडनावे या समाजात आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकामागे एक गाव उभे आहे. (दिवेकर ब्राह्मणांतही आहेत, हे विसरून चालणार नाही.) गाव कळले की ते कोणाच्या राज्यात होते, हे पाहावे. याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण आमच्या मते सारी किल्ली येथे आहे. आपण सहज 'इंग्रजी अंमल' म्हणतो. कोकणच्या या पट्टीत तो एकदम आला नाही. पेण पेशव्यांकडून १८१८ साली इंग्रजांकडे गेले. किहीम आंग्र्यांच्या मुलखात, आणि कुलाब्याचे ते संस्थान खालसा व्हायला १८४०चे दशक उजाडले. दिवेआगर जंजिऱ्याच्या सिद्दीकडे, म्हणजे १९४८पर्यंत संस्थानातच. तेव्हा पेणकराच्या पणज्याची घाण्याची जागा ज्या दप्तरात शोधायची, त्या दप्तरात दिवेकराचा पणजा सापडायचा नाही.

पलटणीत गेलेल्यांचा माग त्या मानाने सोपा. मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात लष्करी कागद भरपूर आहेत. शिवाय हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, आणि त्यात पलटणींतल्या देशी अंमलदारांचीही नोंद ठेवली. तो ग्रंथ १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. पाहायला कर्ते हयात नव्हते. पुढे पलटणींतल्या कंपन्या जातवार झाल्या. स्वतंत्र कंपनी भरण्याइतकी या समाजाची संख्या नव्हती. माणसे रेल्वेत, टपालात, कचेऱ्यांत कारकून झाली. बदलीबरोबर बिऱ्हाडेही पुणे, अहमदाबाद, कराची, एडन अशी फिरली. म्हणून आडनाव कोकणचे आणि जन्माची नोंद एडनची, असे दिसले तर चकित होऊ नये.

आतापर्यंत सांगितले ते सारे पुरुषांचे. सरकारी कागदात बाई आली तर अमक्या शिपायाची विधवा म्हणून, पेन्शनीपुरती. लग्न झाले की माहेरच्या गावाचे आडनाव गेले. आणि पुढे नेमका तिचाच पुरावा मागितला गेला. १९४८नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलास गेले. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मावले की, यांच्यातील कोणाचे इतर यहुद्यांशी लग्न ठरल्यास आईकडची परंपरा, आजी, पणजी अशी शक्य तितकी मागे तपासावी. शेकडो वर्षे शनिवारचा घाणा बंद ठेवणाऱ्यांनी पणजीचा दाखला कोठून आणावा? समाज चवताळला, जेरुसलेमात धरणे धरले गेले. १९६४च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्य केले, आणि धर्मपीठाने त्या हुकमातून समाजाचे नाव काढले.

पणजीचा शोध तरीही घेता येतो, फक्त सरकारी दप्तराबाहेर. यहुदी विवाहपत्राला केतुबा म्हणतात; त्यात वधूचे आणि तिच्या बापाचे नाव असते. आईचा केतुबा मिळाला तर आजोबा कळतात, आजीचा मिळाला तर तिचे माहेर. केतुबा हरवला असेल तर दफनभूमीत जावे. कोकणातल्या थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठीही कोरलेली आढळते. वर्ष यहुदी पंचांगाचे असेल तर त्यातून ३७६० वजा करावेत, म्हणजे ५६४०चे १८८० होते. मात्र त्यांचे वर्ष शरद ऋतूत सुरू होते, तेव्हा मृत्यू आश्विन-कार्तिकातला असेल तर आणखी एक वजा करावा लागतो. अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ सालचे मागेन आबोथ मंदिर आहे. इस्राएलातून आजोळ शोधीत येणारी माणसे पुष्कळदा प्रथम तेथेच येतात, आणि तेथून गावाचे नाव विचारीत पुढे जातात.