मूसी : पुरापूर्वी आणि पुरानंतर

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आम्हां मराठी मंडळींना नदी म्हटले की गोदावरी आठवते. मूसीच्या पुलावरून जाताना मात्र आम्ही नाकाला रुमाल लावतो. ज्या नदीमुळे हे शहर वसले, तिची ही दशा का झाली?

अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावलेली मूसी पुढे वाडपल्लीस कृष्णेला मिळते. तिच्या दक्षिण तीरी १५९१ साली चारमिनारचे शहर उभे राहिले. पुराना पूल त्याहूनही जुना, १५७८ चा. राजपुत्राच्या प्रेमापायी तो बांधला गेला ही कथा गोड खरी, पण महंमद कुली तेव्हा जेमतेम १३ वर्षांचा होता! उत्तर तीरी पुढे इंग्रजांची रेसिडेन्सी आली आणि तिच्या आश्रयाने आजचा सुलतान बाजार वाढला. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असल्याने तेथील वकील, शिक्षक, कारकून राजधानीत येत. त्यांतील पुष्कळांनी याच बाजूस बिऱ्हाडे थाटली. शेजारी तेलुगू, मारवाडी, कायस्थ.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीने हे दोन्ही तीर एक केले. वरच्या खोऱ्यातील दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले. अफजलगंजचा पूल वाहून गेला. सुमारे १५ हजार माणसे दगावल्याचे सांगतात. आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेवर चढून दीडशे जण वाचले. त्यांत कोण कोणत्या जातीधर्माचा, हे त्या फांद्यांनी विचारले नसावे. निजाम महबूब अली खान यांनी तीरावर येऊन हिंदू रीतीने नदीची पूजा केली, अशी आठवण येथे आजही सांगितली जाते.

दुसऱ्या वर्षी विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्यास स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या या अभियंत्याने शहराच्या वरच्या अंगास दोन जलाशय सुचविले. मूसीवर उस्मानसागर १९२० मध्ये, तर तिची उपनदी ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. शहर वाचले, घरोघर नळाचे पाणी आले. मात्र नदीचे पाणी वरच अडले आणि रिकाम्या पात्रात शहराने आपले सांडपाणी सोडले. हा दोष धरणांचा नव्हे; पाणी पिऊन पात्र विसरलेल्या आम्हां नगरवासीयांचा आहे.

पात्र आटल्यावर काठ सरकत सरकत आत आले. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा मूसारामबागचा पूल पाण्याखाली गेला आणि काठच्या वस्त्यांतील माणसे पुन्हा एकदा गाठोडी घेऊन उंचवट्याकडे निघाली.